एकाचा पार्ट दुसऱ्याला: जुन्या मालमोटारींच्या सुट्या भागांचा इतिहास

१/
जुन्या मालमोटारीचा एखादा भाग तुटला आणि तो बनवणारी कंपनीच आता उरलेली नसेल, तर मालकापुढे एकच प्रश्न असतो: दुसऱ्या कोणत्या गाडीचा भाग हिला बसेल? प्रश्न गॅरेजमधला वाटतो, परंतु त्याचे उत्तर बहुधा इतिहासात दडलेले असते. कोणत्या कंपनीने एक्सल कोणाकडून घेतले, कोणाचे इंजिन परवान्यावर बनवले, कोणत्या देशाच्या मापाने आटे पाडले, हे ज्याला ठाऊक असते त्याला तो भाग सापडतो. या धाग्यात 'बदलता येणारा सुटा भाग' या कल्पनेचा सुमारे अडीचशे वर्षांचा प्रवास पाहू. सुरुवात फ्रान्समधल्या बंदुकीपासून होते आणि शेवटी आपण कुर्ल्याच्या कारखान्यात येतो. धागा दीर्घ आहे, सावकाश वाचावा.

२/
अठराव्या शतकापर्यंत यंत्र म्हणजे कारागिराच्या हातची एकेक स्वतंत्र वस्तू असे. बंदुकीचा चाप, कमान, घोडा हे सारे कारागीर कानशीने घासून एकमेकांना जुळवून घेई. एकाच कारखान्यातल्या, एकाच दिवशी बनलेल्या दोन बंदुकांचे भागही परस्परांना बसत नसत. रणांगणावर एक कमान तुटली की ती बंदूक कुशल लोहाराच्या हाती पडेपर्यंत निकामी ठरे. दहा मोडक्या बंदुकांतून पाच चालू बंदुका उभ्या कराव्यात, हा आज अगदी साधा वाटणारा विचार तेव्हा व्यवहारात आणणे अशक्य होते.

३/
ही अडचण सर्वप्रथम सैन्याला बोचली, यात नवल नाही. १७६५ पासून फ्रान्समध्ये ग्रिबोव्हाल या सेनाधिकाऱ्याने तोफखान्याची पुनर्रचना केली आणि तोफगाड्यांची चाके व आस ठरावीक मापांत आणले. त्याच परंपरेत ऑनोरे ब्लां या बंदूककाराने चापयंत्राचे सगळे भाग एकसारखे बनवण्याचा ध्यास घेतला. थॉमस जेफरसन तेव्हा पॅरिसमध्ये अमेरिकेचा वकील होता. १७८५ च्या ऑगस्टअखेर मायदेशी लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की ब्लांने पन्नास चापयंत्रांचे सुटे भाग कप्प्याकप्प्यांत मांडून त्याच्यापुढे ठेवले. त्याने हाताला येतील ते भाग उचलून स्वतः काही यंत्रे जुळवली आणि ती चपखल जुळली.

४/
यापुढची कथा बहुतेक पुस्तकांत एली व्हिटनीच्या नावावर असते. १७९८ साली त्याने अमेरिकी सरकारकडून दहा हजार बंदुकांचे कंत्राट घेतले आणि १८०१ साली नेत्यांसमोर भाग अदलाबदल करून दाखवले, असे सांगतात. विसाव्या शतकात इतिहासकारांनी व्हिटनीच्या उरलेल्या बंदुका प्रत्यक्ष तपासल्या, तेव्हा त्यांचे भाग एकमेकांना बसत नसल्याचे दिसून आले. काही भागांवर तर स्वतंत्र जुळणीच्या खुणाही होत्या. प्रात्यक्षिक प्रभावी असले, तरी वस्तूंची साक्ष निराळी निघाली. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कागदाइतकाच विश्वास लोखंडावर का ठेवावा, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

५/
खरे यश जॉन हॉल याच्या वाट्याला आले. हार्पर्स फेरी येथील सरकारी शस्त्रागारात त्याने बनवलेल्या रायफलींचे भाग खरोखर अदलाबदल करता येतात, असा निर्वाळा १८२६ साली तपासणी समितीने दिला. १८३४ च्या सुमारास याहून मोठा टप्पा गाठला गेला. शेकडो मैल दूर, कनेक्टिकटमध्ये सिमियन नॉर्थच्या कारखान्यात बनलेले भाग हॉलच्या रायफलींना बसू लागले. दोन कारखाने, दोन मालक आणि एकच माप. हे साधले ते गेजमुळे. भाग या पोलादी मापकात बसला तर ठेवायचा, नाही बसला तर टाकायचा, असा नियम होता. काम खर्चिक होते आणि खर्च सरकारी तिजोरीतून होत होता. बाजाराला हे परवडायला अजून अनेक दशके लागणार होती.

६/
आता बोल्टकडे वळू, कारण पुढची निम्मी भानगड त्याचीच आहे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडात स्क्रूच्या आट्यांचे एकसमान माप सुचवले. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा होता. १८६४ साली फिलाडेल्फियात विल्यम सेलर्सने ६० अंशांचा, बनवायला सोपा आटा मांडला आणि अमेरिकेने तो स्वीकारला. परिणाम पाहा: अर्धा इंच जाडीच्या ब्रिटिश बोल्टवर इंचाला १२ आटे, तर तेवढ्याच जाडीच्या अमेरिकी बोल्टवर १३. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. नट दोन-तीन फेरे फिरतोही, मग अडतो. जोर लावला तर आटे चिरडतात. दोन्ही देशांनी एकसमानताच आणली होती, फक्त आपापल्या घरापुरती.

७/
मोटारीच्या जगात या कल्पनेचा डंका १९०८ साली वाजला. लंडनमधून तीन कॅडिलॅक मोटारी घेऊन ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली त्या पूर्ण सुट्या करण्यात आल्या. भाग एकत्र मिसळले गेले. त्यांतले ८९ भाग बाजूला काढून विक्रेत्याच्या साठ्यातले नवे भाग घातले. मग मेकॅनिकांनी साध्या पान्यांनी आणि स्क्रूड्रायव्हरांनी तिन्ही गाड्या पुन्हा उभ्या केल्या आणि त्या ५०० मैल धावल्या. या कसोटीबद्दल कंपनीला डीवार ट्रॉफी मिळाली. 'कानस न लावता बसणारा भाग' हे आता गिऱ्हाइकाला दिलेले वचन झाले. मात्र ते एका कंपनीच्या चार भिंतींच्या आतले वचन होते. कॅडिलॅकचा भाग फोर्डला बसावा, अशी कोणाची अपेक्षा नव्हती.

८/
पहिल्या महायुद्धात ही मर्यादा उघडी पडली. अमेरिकी सैन्याकडे अनेक कंपन्यांचे ट्रक जमा झाले होते आणि प्रत्येकाचे सुटे भाग निराळे होते. १९१६ सालच्या मेक्सिको मोहिमेतच हा त्रास जाणवला होता. तेव्हा १९१७ साली लष्कराचे अधिकारी आणि मोटार-अभियंत्यांची संघटना यांनी मिळून एक ट्रक नव्याने आखला. तो 'लिबर्टी' ट्रक म्हणून ओळखला जातो. हा कोणत्याही एका कंपनीचा नव्हता. आराखडा सरकारचा, भाग पुरवणारे अनेक आणि जुळणी करणारे कारखाने पंधरा. त्याच ऑक्टोबरात पहिले दोन ट्रक वॉशिंग्टनला दाखल झाले. युद्ध संपून कंत्राटे थांबेपर्यंत सुमारे साडेनऊ हजार ट्रक बनले.

९/
लिबर्टी ट्रक का महत्त्वाचा? कारण जन्मतः स्पर्धक असलेल्या पंधरा कारखान्यांनी एकमेकांचे भाग बसतील असे ट्रक बनवले. एका कारखान्याच्या मोडक्या ट्रकचे एक्सल दुसऱ्या कारखान्याच्या ट्रकला लावता येई. हॉल आणि नॉर्थ यांनी दोन कारखान्यांत जे साधले, ते येथे एका अवजड यंत्राच्या बाबतीत घडले. पण या करारामागे युद्ध होते. युद्ध संपले आणि कंपन्या आपापल्या आराखड्यांकडे परतल्या. सुट्या भागांची विक्री हा नफ्याचा धंदा आहे. आपला भाग फक्त आपल्याकडेच मिळावा यात कंपनीचे हित असते, दुसरीकडेही मिळावा यात गाडीमालकाचे. हा संघर्ष तेव्हापासून आजतागायत मिटलेला नाही.

१०/
दुसऱ्या महायुद्धातला प्रसिद्ध ट्रक म्हणजे जीएमसीचा अडीच टनी सहाचाकी 'सीसीकेडब्ल्यू'. १९४१ ते १९४५ दरम्यान असे साडेपाच लाखांहून अधिक ट्रक तयार झाले. एवढ्या संख्येला पुरतील इतके एक्सल एकाच कारखान्यात निघेनात, म्हणून दोन प्रकार वापरले गेले. एक टिमकेन कंपनीचे 'स्प्लिट' एक्सल, ज्याचे हाउसिंग मधोमध दोन भागांत उघडते. दुसरे जनरल मोटर्सचे स्वतःचे 'बॅन्जो' एक्सल, ज्याचा मधला गोल त्या वाद्यासारखा दिसतो. नाव एक, बाहेरचे रूप एक. पण स्प्लिटचे क्राऊन-पिनियन बॅन्जोत चालत नाही. आजही हे ट्रक जतन करणारे सर्वांत आधी ट्रकखाली वाकून एक्सलचा आकार पाहतात, समोरचे नाव नंतर वाचतात.

११/
याची दुसरी बाजू अधिक मनोरंजक आहे. स्टुडबेकरचा 'यूएस-६' हा त्याच वर्गातला ट्रक. असे सुमारे दोन लाख बनले आणि त्यांतले बहुसंख्य सोव्हिएत संघाला गेले. त्याचे इंजिन हर्क्युलीस कंपनीचे, जीएमसीहून सर्वस्वी वेगळे. पण एक्सल टिमकेनचेच, स्प्लिट प्रकारचे. म्हणजे एक्सलच्या बाबतीत स्प्लिटवाला जीएमसी आपल्याच बॅन्जोवाल्या भावंडापेक्षा परक्या स्टुडबेकरला अधिक जवळचा. ट्रकची नाती त्याच्या नावावरून ठरत नाहीत. त्याचा भाग ज्या कारखान्यात ओतला आणि कातला गेला, तेथून ठरतात. सुटे भाग शोधणाऱ्याचा पहिला धडा हाच.

१२/
सुटा भाग वेळेवर मिळणे म्हणजे काय, हे १९४४ सालच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये दिसले. २५ ऑगस्ट ते १६ नोव्हेंबर या काळात 'रेड बॉल एक्सप्रेस' या मालवाहतूक मार्गाने पुढे धावणाऱ्या सैन्याला पेट्रोल, दारूगोळा आणि अन्न पोहोचवले. बहुसंख्य चालक आफ्रिकन-अमेरिकन होते. ट्रक अहोरात्र धावत, क्षमतेहून जास्त माल वाहत, देखभालीला उसंत नसे. टायर, इंजिने आणि पाटे यांची मागणी पुरवठ्याच्या पुढे गेली. अशा वेळी रस्त्याकडेला पडलेल्या ट्रकचा चालू भाग काढून दुसऱ्याला लावणे हीच दुरुस्ती असते. एकसारख्या ट्रकांचा खरा फायदा तेथे कळला.

१३/
आट्यांचा तिढा मात्र युद्धभर छळत राहिला. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने ब्रिटिश मर्लिन विमानइंजिन बनवायला घेतले, तेव्हा ब्रिटिश आटे पाडणारी हत्यारेच तिला आधी तयार करावी लागली. दोन मित्रराष्ट्रांचे बोल्ट एकमेकांत बसत नाहीत, याची किंमत युद्धकाळात दोघांनीही मोजली. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये सामाईक 'युनिफाइड' आट्याच्या करारावर सह्या केल्या. कोन ६० अंशांचा ठरला. एका बोल्टसाठी तीन राष्ट्रांनी करार करावा, हे ऐकायला विचित्र वाटते. परंतु 'हा भाग त्याला बसतो' या वाक्यामागे असा कोणता ना कोणता करार नेहमीच असतो.

१४/
आता भारतात येऊ. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. सुटे संच जहाजाने येत आणि येथे गाड्या उभ्या राहत. फोर्डचेही मुंबईत तसेच काम होते. शेव्हरले, फोर्ड, ब्रिटिश बेडफर्ड अशी नावे त्या काळी रस्त्यांवर रुळली. त्यांतही नातेसंबंध होते: बेडफर्ड हे नाव १९३१ साली बाजारात आले ते जनरल मोटर्सच्या इंग्लंडमधल्या शाखेतून, शेव्हरले ट्रकच्याच पायावर. पण जुळणी आणि निर्मिती यांत मोठे अंतर आहे. गाडी मुंबईत उभी राहिली, तरी तिचे आराखडे, साचे आणि गेज समुद्रापलीकडेच होते.

१५/
स्वातंत्र्यानंतर हे अंतर धोरणाचा विषय झाले. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार सरकारने ठरवले की ज्यांच्याकडे देशात टप्प्याटप्प्याने निर्मिती करण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनाच या धंद्यात राहता येईल. नुसती जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. देशी उद्योगाच्या दृष्टीने हा निर्णय निर्णायक ठरला. पण रस्त्यावर आधीच धावत असलेल्या हजारो गाड्यांचे काय? त्यांची माहेरची वाट अरुंद झाली. पुढे परकीय चलनाची टंचाई आली, आयात परवाने कडक झाले. आपल्याकडच्या 'याचा त्याला बसव' या विद्येला खरा बहर आला तो या परिस्थितीत. तिला 'जुगाड' म्हणून हसण्याआधी ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी.

१६/
कुर्ल्याची गोष्ट येथे सुरू होते. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्याहून गाड्या निघू लागल्या. ट्रक तीन नावांनी विकले गेले: डॉज, फार्गो आणि डिसोटो. गिऱ्हाइकाला वाटे की तीन कंपन्या आहेत. वस्तुतः ट्रक एकच. ही क्रायस्लरची जुनी रीत होती. आपल्या वेगवेगळ्या मोटारींच्या विक्रेत्यांना प्रत्येकी विकायला एक ट्रक मिळावा, म्हणून एकाच ट्रकवर निराळी नावे लावली जात. विक्रीची ही युक्ती पुढे दुरुस्तीवाल्यांच्या पथ्यावर पडली. फार्गोचा भाग मिळत नसेल तर डॉजचा मागावा, डॉजचा नसेल तर डिसोटोचा. तीन दुकाने, एकच वंश.

१७/
इंजिनाचा वंश याहून वेगळा असू शकतो. इंग्लंडमधील पीटरबरो येथे फ्रँक पर्किन्स यांनी १९३२ साली हलकी, वेगवान डिझेल इंजिने बनवण्याची कंपनी काढली. तिचे 'पी-६' हे सहा सिलिंडरचे इंजिन अनेक कंपन्यांच्या ट्रकांत पेट्रोल इंजिनाच्या जागी बसवले गेले. भारतात मद्रासची सिंप्सन कंपनी पर्किन्सच्या परवान्याने इंजिने बनवू लागली. या घराण्यातल्या 'पी-३' आणि 'पी-६' यांचा बोअर साडेतीन इंच आणि स्ट्रोक पाच इंच, दोन्हींत एकच. तीन सिलिंडर ट्रॅक्टरसारख्या कामाला, सहा ट्रकला. म्हणजे जुन्या ट्रकच्या पिस्टनचा माग काढताना ट्रॅक्टरच्या दुकानात डोकावणे हा वेडेपणा ठरत नाही. इंजिनाच्या वंशावळीनेच दाखवलेली ती दिशा आहे. अर्थात मॉडेलनुसार बारीक फरक असतात, तेव्हा मोजल्याशिवाय काही बसवायचे नसते.

१८/
जमशेदपूरला टेल्को कंपनीने १९५४ साली डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि 'टाटा-मर्सिडीज-बेंझ' ट्रक रस्त्यावर आले. १९६९ साली करार संपला, तारा गेला आणि टाटांचे स्वतःचे चिन्ह आले. गाडी एका रात्रीत बदलली नव्हती, बदलले ते वचन देणाऱ्याचे नाव. पुढच्या काळातल्या टाटा इंजिनांच्या क्रमांकांतच माहिती असते. '६९२' म्हणजे सहा सिलिंडर आणि ९२ मिलिमीटर बोअर. '६९७' म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर. '४९७' म्हणजे चार सिलिंडर आणि तोच बोअर. ही चावी हाती असली की सुट्या भागांची यादी वाचणे सोपे जाते.

१९/
आता कल्पना करा १९६० च्या दशकातल्या एखाद्या गॅरेजची. जुन्या ब्रिटिश लॉरीवर व्हिटवर्थ मापाचे बोल्ट. कुर्ल्याच्या डॉजवर अमेरिकी इंची माप. टाटा-मर्सिडीजवर मिलिमीटर. पान्यांचे तीन संच लागत. त्यातही मौज अशी की व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेले माप बोल्टच्या जाडीचे असते, तर अमेरिकी पान्यावरचे माप बोल्टच्या डोक्याच्या रुंदीचे. 'अर्धा इंची पाना दे' म्हटल्यावर पोऱ्याने कोणता द्यायचा, हे समोर उभ्या गाडीचे मूळ पाहून ठरे. देशाने १९५६ साली दशमान वजन-मापांचा कायदा केला. पण कायदा कागदावर एका दिवसात येतो, रस्त्यावरचा बोल्ट झिजून जाईपर्यंत जुनेच माप बोलत राहतो.

२०/
परस्परांना बसणाऱ्या भागांचे तिसरे मूळ म्हणजे सामाईक पुरवठादार. बेंगळुरूची मायको कंपनी १९५१ साली सुरू झाली. तिचे इंधनपंप आणि नॉझल परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या ट्रकांत आणि ट्रॅक्टरांतही गेले. पुण्यात मुंढव्याला भारत फोर्ज १९६१ साली स्थापन झाली. क्रँकशाफ्ट आणि पुढच्या एक्सलचे बीम असे घडीव भाग तिने अनेक वाहन कंपन्यांना पुरवले. जाहिरातीत दोन कंपन्या एकमेकींच्या वैरी, तर त्यांच्या पोटातले काही भाग एकाच भट्टीतून निघालेले. गाडी उत्पादकाचा स्वतःचा क्रमांक बाजूला ठेवून पुरवठादाराचा क्रमांक शोधावा, असे जाणती मंडळी सांगतात ते याचसाठी.

२१/
याचे सर्वांत शुद्ध रूप म्हणजे बेअरिंग. '६३०८' हा आकडा घ्या. शेवटचे दोन अंक पाचने गुणा: ८ × ५ = ४०. आतले भोक ४० मिलिमीटरचे. बाहेरचा व्यास ९०, रुंदी २३. बेअरिंग स्वीडनचे असो, जपानचे असो वा आपल्याकडचे, हा क्रमांक आणि ही मापे बदलत नाहीत. गिअरबॉक्स बनवणारी कंपनी बुडाली, तिचे आराखडे रद्दीत गेले, तरी त्यातले बेअरिंग आजही कोणत्याही मोठ्या शहरात मिळते. ज्या भागाचे माप एका कंपनीच्या मालकीचे नसते, तो भाग त्या कंपनीनंतरही जगतो.

२२/
मग शोध कसा घ्यायचा? पद्धत इतिहाससंशोधनासारखीच आहे. प्रथम वस्तू वाचायची: ओतीव भागावरचा उठावदार क्रमांक, पुरवठादाराचा शिक्का, बेअरिंगच्या कडेवरचे आकडे. मग मोजायचे: व्हर्निअरने व्यास, थ्रेड गेजने आटे, मोजून दातांची संख्या. त्यानंतर वंशावळ लावायची: हे एक्सल त्या वर्षी आणखी कोणी घेतले होते? परवाना कोणाचा? शेवटी दोन साक्षी पडताळायच्या. छापील पार्ट कॅटलॉग एक सांगतो आणि प्रत्यक्ष गाडी दुसरेच सांगते, असे वारंवार घडते. कारण चाळीस वर्षांत त्या गाडीचे किती भाग बदलले गेले, याची नोंद कोठेच नसते. व्हिटनीच्या बंदुका आठवतात ना?

२३/
'बसतो' आणि 'चालतो' यांतले अंतर जिवावर बेतू शकते. जुन्या ट्रकांची रिम अनेक तुकड्यांची असते. तिची लॉक रिंग दुसऱ्या बनावटीची घातली तर ती बसल्यासारखी दिसते आणि हवा भरताना उडून माणसाचा बळी घेऊ शकते. जुन्या डॉज आणि बेडफर्ड ट्रकांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्यांचे असत. हे न कळता जोर लावणारा ते सैल करण्याऐवजी घट्ट करत बसतो किंवा स्टडच तोडतो. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाके यांच्या बाबतीत निव्वळ माप जुळणे पुरत नाही. पोलादाचा दर्जाही जुळावा लागतो. वंशावळीचे ज्ञान येथे हौसेपुरते उरत नाही.

२४/
वापराने गाडीचे मापही बदलते. सिलिंडर झिजला की तो मोठ्या मापाला कातून मोठा पिस्टन घालतात. ही वाढसुद्धा ठरलेल्या पायऱ्यांनी होते: इंची इंजिनांत दहा, वीस, तीस हजारांश इंच. दुरुस्तीलाही प्रमाणमाप आहे, हे केवढे शहाणपण! पण शेवटची पायरी ओलांडली की वाट संपते. मग लेथवाला जुना तुकडा पाहून नवा कातून देतो, बुश मारतो, कानस चालवतो. तो भाग त्या एकाच गाडीला बसतो. अडीचशे वर्षांच्या प्रवासानंतर यंत्र पुन्हा ब्लांच्या आधीच्या काळात पोहोचते, जेथे प्रत्येक वस्तू एकमेव असते आणि ती जगते ती समोरच्या कारागिराच्या हातावर.

२५/
आज हे सारे वेगाने नाहीसे होत आहे. २०२१ साली वाहन भंगारात काढण्याचे राष्ट्रीय धोरण आले आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आणली गेली. धूर आणि अपघात यांचा विचार करता जुने ट्रक रस्त्यावरून जाणे समजण्यासारखे आहे. पण त्यांच्याबरोबर एक ज्ञानही जात आहे. कुर्ल्याचा कोणता भाग कोणत्या ट्रॅक्टरला चालतो, हे कोणत्याही अभिलेखागारात लिहिलेले नाही. ते साठी-सत्तरीच्या मिस्त्रींच्या डोक्यात आहे, भंगार बाजारातल्या जुन्या दुकानदारांच्या जिभेवर आहे.

२६/
आपण किल्ल्यांची मोजमापे घेतो, शिलालेखांचे ठसे घेतो, मोडी कागद वाचतो. औद्योगिक महाराष्ट्राची साधने मात्र किलोच्या भावाने विकली जातात. तुमच्या गावी जुने गॅरेज असेल, तर मिस्त्रीकाकांची परवानगी घेऊन त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. घरच्या माळ्यावर जुना पार्ट कॅटलॉग, सर्व्हिस बुक किंवा सुट्या भागांच्या दुकानाची बिले असतील, तर रद्दीत देण्याआधी त्यांची छायाचित्रे काढा. कोणत्या गाडीला कोणत्या गाडीचा कोणता भाग लावला, एवढे एक वाक्य, गाव आणि अंदाजे साल या धाग्याखाली लिहिलेत तरी चालेल. अशा नोंदी पुरेशा जमल्या, तर त्यांची एकत्र सूची पुढच्या धाग्यात देऊ.